अण्णांची वही

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर लक्ष्मीचा फोटो, केरसुणी, थोडे डॉलर, थोडे रुपये आणि माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, एक जुनी हिशेबाची वही असते. केरसुणी दर वर्षी पटेल ब्रदर्समधून नवी येते, वही मात्र तीच. गेल्या दिवाळीत आमच्या मुलाने आरतीनंतर करंजी खाता खाता विषय काढला. तो नुकताच नोकरीला लागला होता. त्याच्या मित्रांनी वर्षभरात शेअर्समध्ये पैसे दुप्पट केले होते, आणि आता थोडं कर्ज काढून आपणही उडी घ्यावी असं त्याच्या मनात होतं.

मी नेहमीप्रमाणे उपदेशाला सुरुवात केली. त्याने मला मधेच थांबवून विचारलं, "बाबा, तू कधी पैसे घालवले आहेस का?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही वाती सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग की आता. चोवीस वर्षांचा झालाय तो."

त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच थोडं विस्ताराने इथे लिहितो आहे. आपल्या मंडळात आपण मुलांच्या शाळांबद्दल बोलतो, ग्रीन कार्डबद्दल तासन् तास बोलतो, पण पैसे गेल्याचं कुणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो.

मी १९९८ साली वायटूकेच्या लाटेत अल्फारेटाला आलो. मूळ गाव बारामती तालुक्यातलं सुपे. पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे म्हटलं की सगळ्यांना कळतं. अण्णा प्राथमिक शिक्षक. घरात तोटा कधीच नव्हता, पण शिल्लकही कधी नव्हती. त्यामुळे इथे पगार हातात यायला लागल्यावर मी जसा हुरळलो, तसाच घाबरलोही. एवढ्या पैशांचं करायचं काय, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. मग मी पुस्तकं वाचू लागलो. तेव्हा विमानतळावरच्या दुकानात ढिगाने मिळायची ती, दुसऱ्याच्या पैशावर श्रीमंत व्हा छापाची. पुस्तकांचा दोष नाही. मला हवं तेवढंच मी त्यांच्यातून उचललं.

२००६ साली शेजारच्या फोरसाइथ कौंटीत मी भाड्याने द्यायला दुसरं घर घेतलं. राहत्या घरावर ३८ हजार डॉलरचं आणखी एक कर्ज काढून डाउन पेमेंट भरलं. राहतं घर माझ्या एकट्याच्या नावावर होतं, त्यामुळे हिची सही लागली नाही, आणि मी हिला सांगितलंही नाही. नव्या घराचं कर्ज असं होतं की पहिली ३ वर्षं फक्त व्याज भरायचं, मग मुद्दलाचाही हप्ता सुरू. एजंट म्हणाला, काळजी कशाला, तीन वर्षांत घराची किंमत वाढेल, मग नवं कर्ज काढून जुनं फेडा. साठेक पानांवर सह्या केल्या. एकही पान वाचलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या अल्फारेटातली इंटेग्रिटी बँक बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये अल्फा बँक अँड ट्रस्ट. माझं कर्ज या दोन्हींचं नव्हतं, पण वारा सगळीकडे तोच होता. त्या काही वर्षांत देशात सगळ्यात जास्त बँका आपल्या जॉर्जियात बंद पडल्या. माझा भाडेकरू गेला, २००९ च्या जानेवारीत नोकरी गेली, आणि तीन वर्षं पूर्ण झाली तेव्हा घराची किंमत कर्जाहून खाली आलेली. नवं कर्ज द्यायला कुणी तयार होईना.

हिला कळलं ते बँकेच्या पत्रावरून. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही.

जॉर्जियात हप्ते थकलेल्या घरांचा लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कौंटी कोर्टाच्या पायऱ्यांवर होतो. आमच्या घराची तारीख आली २ मार्च २०१०, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. मी कमिंगला जाऊन लांब उभा राहिलो. एक गृहस्थ हातातले कागद एकसुरात वाचत होते. आमच्या घराचा पत्ता वाचायला त्यांना अर्धा मिनिटही लागला नसेल. राहतं घर वाचलं ते हिच्या पाळणाघरातल्या नोकरीमुळे.

बेकारीच्या त्या दिवसांत मी रोज सकाळी गावातल्या लायब्ररीत जाऊन बसायचो. अर्ज भरून झाले की वाचायचो. पहिल्यांदा हाती लागलं ते थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांचं 'द मिलिओनेअर नेक्स्ट डोअर', १९९६ सालचं. यातले स्टॅन्ली आपल्या अटलांटातच जॉर्जिया स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी अमेरिकेतल्या लक्षाधीशांचा अभ्यास केला, तर बरेचसे लोक साध्या वस्तीत राहणारे, कमाईपेक्षा कमी खर्च करणारे आणि पै-पैचा हिशेब ठेवणारे निघाले. मला हसू आलं. असा एक माणूस सुप्यात होता. फक्त तो लक्षाधीश नव्हता.

पण अशा पुस्तकांनी मन भरेना. माझी चूक झाली हे कळत होतं. सगळ्यांची एकदमच कशी झाली, हे कळत नव्हतं. म्हणून मी इतिहासाकडे वळलो, आणि तिथे भलताच योगायोग समोर आला. आपलं अल्फारेटा, मुंबई आणि माझं सुपे, तिन्ही गावं एकाच गोष्टीत होती. ती गोष्ट कापसाची.

आज अ‍ॅव्हलॉनची दुकानं आणि ऑफिसांच्या काचेच्या इमारती पाहून खरं वाटत नाही, पण हा सगळा भाग शेतीचा होता आणि मुख्य पीक कापूस. अल्फारेटा तेव्हा मिल्टन कौंटीचं मुख्य गाव होतं. जॉर्जियाच्या कापसामागे गुलामांचे हात होते, हेही विसरून चालणार नाही. इथून वीस मिनिटांवर रॉझवेलला व्हिकरी क्रीकच्या काठी जुन्या कापड गिरणीचे अवशेष आहेत. आपण धबधबा पाहायला जातो, मुलांचे फोटो काढतो, तीच जागा. १८६४ च्या जुलैत उत्तरेच्या फौजेने ती गिरणी जाळली. वाचवण्यासाठी गिरणीवर फ्रान्सचा झेंडा लावून पाहिला होता, उपयोग झाला नाही. तिथल्या सुमारे ४०० कामगारांवर, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, देशद्रोहाचा आरोप ठेवून त्यांना गाडीत घालून उत्तरेकडे धाडलं. त्यातले कित्येक परत आलेच नाहीत.

हे यादवी युद्ध १८६१ साली सुरू झालं तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जात असे. युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि तो कापूस जवळजवळ बंदच झाला. १८६१ साली २० लाख गासड्या, तर १८६२ साली ५५ हजार! लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी मग मुंबईकडे धाव घेतली. नेहमीच्या भावापेक्षा साधारण ८ कोटी पौंड जास्त त्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात पडले असं सांगतात. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्याही कथा आहेत.

एवढा पैसा आला की तो स्वस्थ बसत नाही. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना. दिनशा वाच्छांनी १९१० साली या काळावर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. ते वाचताना मला आपल्या २००६ च्या पार्ट्या आठवल्या. बॅकबे भरावाच्या कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांपर्यंत गेला होता. कारकून, व्यापारी, सगळेच त्यात. १८६५ च्या एप्रिलमध्ये इकडे जनरल ली शरण आले, युद्ध संपत आलं आणि तिकडे कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस होता, आणि ते कुणालाच जमेना. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. त्या तेजीचे राजे प्रेमचंद रायचंदही आपटले. त्यांनी आधीच, १८६४ साली, मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तेजीतलं जे दान करून टाकलं होतं तेच टिकलं, हे मला फार विचित्र वाटतं.

आता सुपे. मुंबईच्या पैशाचा एक झरा दख्खनच्या खेड्यांपर्यंत पोचला होता. एरवी कर्ज देताना दहादा विचार करणारे सावकार शेतकऱ्याला कापसाच्या दर एकरामागे १०० रुपयांपर्यंत उचल देऊ लागले होते. तेजी संपली तशी उचल थांबली आणि जुन्या कर्जाची वसुली सुरू झाली. त्यातच फेरमोजणी होऊन सरकारने शेतसारा वाढवला, बऱ्याच ठिकाणी दीडपट किंवा त्याहूनही जास्त.

आणि इथे माझी ती तीन वर्षं पुन्हा भेटली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं होतं की कर्जरोखा फक्त ३ वर्षं चालेल. व्याज साचून कर्ज बेसुमार वाढू नये म्हणून, म्हणजे कुळाच्या भल्यासाठी केलेला कायदा. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत करून घेई. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नवं मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. दामदुपटीच्या जुन्या नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये. पण चौकशी आयोगासमोर १०० रुपयांच्या कर्जावर २ हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं. शेतकऱ्याला पावती मिळत नसे, खताची प्रत मिळत नसे. वही एकच, तीही सावकाराच्या पेटीत.

१२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या पेठेत जमले आणि त्यांनी खतं आणि वह्या मागून घेऊन जाळल्या. धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरंही पेटली. पण जिथे कागद मुकाट्याने मिळाले तिथे बहुधा माणसाला हात लागला नाही. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून एका ओळीत शिकलेलं हे आपल्याच गावात घडलं, हे मला अटलांटाच्या उत्तरेला बसून, बेकार असताना कळलं! इकडची एक गिरणी जळते आणि अकरा वर्षांनी आमच्या गावात वह्या जळतात. मधले दुवे सगळे कागदाचे.

युद्धानंतर इथे तरी काय झालं? सुटलेले गुलाम आणि गरीब गोरे शेतकरी दुकानदाराकडून बी-बियाणं, पीठ-मीठ उधार घेत आणि उभं पीक तारण ठेवत. हिशेब दुकानदाराच्या वहीत. सुगीनंतर हातात काही उरत नसे. पुढे बोंडं पोखरणारा किडा आला, मग मंदी आली आणि मिल्टन कौंटीची तिजोरीच रिकामी झाली. १९३२ साली अख्खी कौंटी फुल्टनमध्ये विलीन झाली. म्हणजे आपण जिथे राहतो ती कौंटीसुद्धा एकदा कर्जापायी नाव गमावून बसली आहे.

हे सगळं वाचल्याने माझं गेलेलं घर परत आलं नाही. पण दोन गोष्टी कळल्या. तेजीत कर्ज सोपं मिळतं ते आपण हुशार झालो म्हणून नाही. कुठेतरी लांब काहीतरी घडलेलं असतं आणि पैसा जागा शोधत आपल्या दारात आलेला असतो. तो आला तसा परतही जातो, मागे सही केलेला कागद तेवढा राहतो. दुसरी गोष्ट जास्त लागली. सुप्याच्या त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. त्याला वहीत काय लिहिलंय ते कुणी दाखवलं नाही. माझ्या घरची वही माझ्याच हातात होती आणि मी ती हिला दाखवली नाही. म्हणजे माझ्या घरात सावकाराची पेटी मीच होतो.

१८७९ साली सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोर व्हावेत, कुळाला पावती आणि हिशेब मिळावा, कोर्टाने नुसतं खत न पाहता कर्ज मुळात कसं झालं ते तपासावं, असं त्यात होतं. तो पुढे कितपत लागू पडला यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्यातली एक गोष्ट घरोघरी लागू व्हायला हरकत नाही. हिशेब दोघांना दिसला पाहिजे.

आता अण्णांच्या वहीबद्दल. ज्या गावाने वह्या जाळल्या त्या गावातल्या या माणसाने जन्मभर वही लिहिली. दूध, रॉकेल, माझी फी, आईचं औषध, सगळं. मी त्यांना मनात कंजूष म्हणत असे. पुढे त्यांना देव करायलाही निघालो होतो, पण तेही खरं नाही. अण्णांनी १९७२ साली १० हजारांची विम्याची पॉलिसी घेतली. तेव्हा त्या रकमेत गावात दोन खोल्या बांधून झाल्या असत्या. १९९७ साली बोनससकट २४ हजार हाती आले, त्यात घराचे पत्रे बदलले. पैसे वाढले होते आणि तरीही आटले होते. डॉ. आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे १९२३ सालचं पुस्तक मी याच सुमाराला वाचलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी केलेलं ते काम. अवघड आहे, सगळं समजलं असं म्हणणार नाही. पण रुपयाची परदेशी चलनातली किंमत स्थिर असून भागत नाही, देशात त्याने किती वस्तू मिळतात ते स्थिर हवं, आणि भाव चढतात तेव्हा पगारदाराचा आणि मजुराचा खिसा न सांगता कापला जातो, हा त्यांचा मुद्दा वाचताना मला आमचे ते पत्रेच आठवत होते. तेव्हा नुसती काटकसर पुरत नाही. महागाईच्या पुढे राहायचं तर थोडी जोखीम घ्यावीच लागते. ती माहीत असलेली असावी आणि आपल्याला झेपेल एवढी असावी.

अण्णा २०१३ साली गेले. दिवस झाल्यावर मी त्यांच्या वह्या चाळत होतो. २००९ च्या वहीत १४ जूनची, रविवारची नोंद होती. रविवारी मी फोन करत असे, आणि त्या सहा महिन्यांत दर रविवारी "सगळं छान आहे" म्हणत असे. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'मुदत ठेव मोडली. रु. ३,००,०००. बचत खाती ठेवले. चिरंजीवांस लागल्यास.'

त्यापुढे काही नाही. नेहमीचं दूध, रॉकेल, औषध. मग २०११ च्या मे महिन्यात : 'मागणी आली नाही. ठेव पुन्हा केली. व्याजात तूट सुमारे २६,०००.'

त्यांनी मला कधी विचारलं नाही, मी त्यांना कधी सांगितलं नाही. तीन लाख रुपयांनी माझं घर वाचलं नसतं. पण दोन वर्षं तो माणूस माझ्या फोनची वाट पाहत होता. आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांना आवाजावरून कळायचं. म्हणाले, सांगेल तेव्हा पैसे तयार पाहिजेत." माझ्या न बोलण्याची ही एक किंमत अण्णांनी आकड्यात लिहून ठेवली आहे. बाकीची त्यांनी कुठे लिहिली नाही.

लक्ष्मीपूजनाला पाटावर असते ती हीच वही.

गेल्या दिवाळीत मुलाला ती नोंद वाचून दाखवली. त्याला मोडी सोडा, अण्णांचं देवनागरीही धड लागत नाही, म्हणून बोट ठेवून वाचली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबांनी 'मागणी आली नाही' असं का लिहिलं? दे शुड हॅव जस्ट कॉल्ड यू." मी म्हटलं, मीही तेच म्हणतो, पण आमच्याकडे तसं नसायचं.

त्याने कर्ज काढलं नाही. शेअर्स मात्र घेतले, स्वतःच्या पगारातून, दर महिन्याला ठराविक. त्यात माझं शहाणपण किती आणि त्याचं किती, माहीत नाही. वर जाताहेत तोवर सगळेच शहाणे असतात, तेव्हा निकाल इतक्यात लावत नाही. आम्ही एक केलं आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रात्री जेवण झालं की आम्ही तिघं टेबलाशी बसतो. तो त्याच्या अपार्टमेंटमधून फोनवर असतो. कुणाचं किती आलं, किती गेलं, कुणाचं काय चुकलं, सगळं उघड. वार मीच सुचवला. हिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि "चालेल" म्हणाली. आता हिशेब ती लिहिते, एक्सेलमध्ये नाही, वहीत.

मंडळी, गणपतीच्या मांडवात किंवा पॉटलकला भेटलो आणि आपल्यापैकी कुणी अशाच गाठोड्यावर बसलेलं असेल, तर मला खुशाल बाजूला घ्या. सल्ला द्यायची माझी लायकी नाही. ऐकून मात्र घेईन. आणि घरी आई-वडील असतील तर येत्या रविवारच्या फोनवर "सगळं छान आहे"च्या पुढे एखादं वाक्य बोलून बघा.